निरोप पोचला का?

पावसाळ्यात परभणी जिल्ह्यातली वर्तमानपत्रे उघडली की एक आकडा हटकून भेटतो. जिंतूर तालुक्यातले, पूर्णा नदीवरचे येलदरी धरण पूर्ण भरले, म्हणजे त्यातल्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४६१.७७२ मीटर झाली. असाच दुसरा आकडा गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाचा. ते धरण पैठणला, म्हणजे जिल्ह्याबाहेर आहे; पण त्याचा २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा परभणीच्या शेतांपर्यंत येतो. म्हणून त्याच्या पातळीकडेही इकडच्या लोकांचे डोळे लागलेले असतात. ती पातळी ४६३.९०६ मीटर.

एखादा चौकस विद्यार्थी विचारील, "सर, धरण बांधणाऱ्यांनी सरळ ४६२ मीटर का नाही धरले? दशांश चिन्हापुढचे हे तीन आकडे कशाला?" प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तर फळ्यावर दोन मिनिटांत निघते. एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर. ४६१.७७२ ला ०.३०४८ ने भागले की १५१५ येतात. ४६३.९०६ ला भागले की १५२२ येतात. म्हणजे आकडे मुळात सरळच होते. ते फुटांत ठरले होते, आपण ते मीटरमध्ये वाचतो आहोत. येलदरीची उंची ५१.२ मीटर सांगतात, तीही १६८ फुटांची आहे.

खडकात जसा जुन्या जीवाचा अवशेष सापडतो, तसा या आकड्यांत एका जुन्या भाषेचा अवशेष सापडतो. ही भाषा पुस्तकातली नव्हे, बांधकामावरची. ज्याने इमारत मनात रचली तो एक माणूस आणि जो दगडावर दगड ठेवतो तो दुसरा. पहिल्याच्या मनातली गोष्ट दुसऱ्याच्या हातापर्यंत कशी पोचते, हा प्रश्न बांधकामाइतकाच जुना आहे. विज्ञानाच्या इतिहासात आपण सिमेंटचा शोध, पोलादाचा शोध शिकवतो. या निरोपाचा इतिहास मात्र सहसा शिकवत नाही. तो येथे थोडक्यात पाहू.

दगडावर काढलेला नकाशा

येलदरीपासून फार दूर नसलेले चारठाणा हे गाव यादवकाळातल्या मंदिरांसाठी प्रसिद्ध आहे. आपण ज्याला हेमाडपंती म्हणतो त्या पद्धतीत चुना न वापरता दगडाच्या खाचा आणि कुसवे एकमेकांत बसवून बांधकाम उभे राहते. एका दगडाला खाच, दुसऱ्याला तिच्यात नेमके बसणारे टोक. खाच घडवणारा पाथरवट आणि टोक घडवणारा पाथरवट एकच असेल असे नाही. तरीही दोन्ही दगड जागेवर आणल्यावर बसले पाहिजेत. याचा अर्थ दोघांकडे एकच माप होते आणि ते माप दोघांनाही सारखेच कळले होते.

जुने माप म्हणजे हात आणि अंगुल. चोवीस अंगुलांचा एक हात. पण कुणाचा हात? माणसागणिक हात बदलतो, म्हणून कामापुरती एक काठी ठरवावी लागे. तमिळनाडूतल्या काही चोलकालीन मंदिरांच्या भिंतींवर मोजकाठीची लांबीच कोरून ठेवलेली आढळते. वाद झाला तर भिंतीपाशी जा आणि आपली काठी लावून पाहा. माप शब्दात न ठेवता दगडात ठेवले की ते कुणाच्या तोंडून बिघडत नाही.

याहूनही बोलका पुरावा मध्य प्रदेशात भोपाळजवळ भोजपूर येथे आहे. परमार राजा भोज याच्या काळातले, म्हणजे अकराव्या शतकातले, तिथले शिवमंदिर अपुरे राहिले आणि इतिहासाच्या दृष्टीने ते बरेच झाले. काम पूर्ण झाले असते तर पुसले गेले असते असे बरेच काही तिथे जागच्या जागी राहिले. मोठे दगड वर चढवण्यासाठी घातलेला मातीचा उतार आजही दिसतो. आणि भोवतालच्या उघड्या खडकावर मंदिराच्या भागांचे रेखाटन कोरलेले आहे: खांब, कोनाडे, शिखर. कारागीर जिथे दगड फोडत होते, तिथेच नकाशा होता. तो सांभाळावा लागत नव्हता, पावसात भिजत नव्हता, आणि अक्षर न येणाऱ्यालाही वाचता येत होता.

निळा कागद

एकोणिसाव्या शतकात रेल्वे, पूल आणि कालवे यांची कामे सुरू झाली आणि नकाशा खडकावरून कागदावर आला. कागद दूर नेता येतो, हा त्याचा गुण. पण एका नकाशाच्या वीस प्रती हव्या असतील तर हाताने वीस वेळा काढाव्या लागत, आणि नक्कल करणाऱ्याच्या प्रत्येक चुकीबरोबर निरोप बदलत असे.

ही अडचण सुटली ती एका खगोलशास्त्रज्ञामुळे. जॉन हर्षल यांनी १८४२ साली एक छपाईपद्धत शोधली. लोहाच्या दोन क्षारांचे, म्हणजे अमोनियम आयर्न सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांचे, द्रावण कागदाला लावून तो अंधारात वाळवायचा. त्यावर पारदर्शक कागदावरचा नकाशा ठेवून उन्हात धरायचा. जिथे ऊन पोचते तिथे फेरिक लोहाचे फेरस लोह होते आणि प्रशियन ब्लू हे निळे रंगद्रव्य तयार होते. नकाशाच्या काळ्या रेघांखाली ऊन पोचत नाही. पाण्याने धुतल्यावर तिथला क्षार निघून जातो आणि निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा उरतात. ही ब्लू प्रिंट. काही दशकांतच ती जगभरच्या बांधकाम कचेऱ्यांत पोचली. आता वीस ठिकाणी वीस हुबेहूब नकाशे असू शकत होते.

पण खडकावरचा नकाशा आणि निळा कागद यांत एक मोठा फरक होता. खडकावरचे चित्र पाथरवटाच्या रोजच्या नजरेतले होते. निळा कागद साहेबाच्या टेबलावर राहिला. त्यावरच्या सूचना इंग्रजीत, आकडे इंग्रजी, चिन्हे कॉलेजात शिकवलेली. कागद आणि हात यांच्यामध्ये आता माणसांची एक साखळी आली: इंजिनिअर, ओव्हरसिअर, कंत्राटदार, मुकादम, मिस्त्री, गवंडी आणि शेवटी बिगारी. या साखळीतल्या शब्दांकडेच पाहा. मुकादम अरबीतून आला, बिगारी फारसीतल्या बेगारीतून. मिस्त्री आणि कंत्राट हे पोर्तुगीजांनी दिलेले, आणि बिगाऱ्याच्या डोक्यावरचे घमेलेही पोर्तुगीजच. ओळंबा संस्कृतातून उतरला, सेंटरिंग इंग्रजीतून. बांधकामावर बोलली जाणारी भाषा ही अशी थरांची आहे. जो जो राज्यकर्ता किंवा व्यापारी आला, त्याने एकेक थर टाकला.

एक धरण, तीन राजवटी

आता येलदरीकडे परत येऊ. परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथल्या सरकारी कचेऱ्यांची भाषा उर्दू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. म्हणजे बारा वर्षांच्या आत कचेरीची भाषा, कागदाचे नमुने आणि वरिष्ठांचे शहर, सगळे बदलले. याच सुमारास देशाने मापेही बदलायला घेतली. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानुसार १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने दशमान पद्धत लागू झाली. आणि १९६८ साली येलदरीचे धरण व त्याखालचे सिद्धेश्वर धरण यांचे काम पूर्ण झाले. (सिद्धेश्वर तेव्हा परभणी जिल्ह्यातच होते. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ते तिकडे गेले.)

येलदरीचा बांध ४२३२ मीटर लांब आहे आणि जलाशयात ९३४ दशलक्ष घनमीटर पाणी मावते. जुन्या भाषेत हे ३३ टीएमसी, म्हणजे ३३ अब्ज घनफूट. एवढे काम फुटांत आखले गेले आणि देश मीटरकडे वळत असताना पुरे झाले. मराठवाड्यातल्या अशा मोठ्या कामांवर मातीकाम आणि दगडकाम करणाऱ्यांत वडार समाजाची कुटुंबे असत, त्यांच्या घरात तेलुगूच्या वळणाची बोली. जुन्या हैदराबाद संस्थानातल्याच महबूबनगरचे, म्हणजे पालमूरचे मजूर तर देशभरच्या धरणांवर नावाजलेले. स्थानिक मजुरांची मराठी, जुन्या कारकुनांची उर्दू, नकाशांची इंग्रजी. अशा ठिकाणी एखादी सूचना वरून खाली जाताना तीन वेळा भाषा बदलते.

मग कामे होत कशी? त्याचे एक उत्तर असे, की अनुभवी माणसांनी निरोप शब्दांतून काढून वस्तूंत ठेवला. पायाची रेघ सांगायची नाही; दोरी ताणून चुन्याची फक्की मारायची. भिंत सरळ आहे का हे विचारायचे नाही, ओळंबा सोडायचा. काटकोन म्हणजे ९० अंश हे समजावत बसायचे नाही. दोरीवर तीन, चार आणि पाच हातांच्या खुणा करून त्रिकोण ताणायचा. दोन दूरच्या खांबांवर एकच पातळी हवी असेल तर पाण्याने भरलेली पारदर्शक नळी दोन्हीकडे धरायची. बांधाच्या गाभ्यातल्या मातीत ओल पुरेशी आहे का? मूठभर माती दाबून लाडू करायचा. तो वळला नाही तर माती कोरडी आहे. हाताला चिखल लागला तर पाणी जास्त झाले. मातीची दाबाई आणि ओल यांचे नाते अमेरिकेत राल्फ प्रॉक्टर यांनी १९३३ साली शास्त्रशुद्ध मांडले. प्रयोगशाळेतली ती चाचणी अचूक आहे आणि तिला पर्याय नाही. पण दिवसभरात शेकडो वेळा मातीला विचारायचा प्रश्न मात्र हा लाडूच विचारतो.

या सगळ्या युक्त्यांत एक समान गोष्ट दिसेल. गुरुत्वाकर्षण, पाण्याची समपातळी, पायथागोरसचा सिद्धांत यांना भाषा लागत नाही. तेलुगू बोलणाऱ्याचा ओळंबा आणि मराठी बोलणाऱ्याचा ओळंबा एकाच दिशेला लोंबतो. अर्थात वस्तूही फसवू शकते. नळीत हवेचा बुडबुडा अडकला तर दोन टोकांची पातळी चुकते. म्हणून जाणता मिस्त्री आधी नळीची दोन्ही टोके शेजारी धरून पाणी एका रेषेत येते का ते पाहतो आणि मगच एक टोक घेऊन लांब जातो. निरोप्यालाही तपासून घ्यायचे असते.

सूत आणि ब्रास

कायदा बदलला तरी जीभ लवकर बदलत नाही. आजही बांधकामावर सळईला "चार सूत", "तीन सूत" म्हणतात. एक इंच म्हणजे आठ सूत. तेव्हा चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. प्रत्यक्षात बाजारात येते ती १२ मिलिमीटरची सळई, आणि बोलताना दोन्ही एकच. फरक ०.७ मिलिमीटरचा, नखाएवढाही नाही. पण सळईची ताकद व्यासावर नव्हे, छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. १२ भागिले १२.७ याचा वर्ग केला तर ०.८९ येतो. म्हणजे जुन्या हिशेबाच्या अर्ध्या इंचाच्या जागी १२ मिलिमीटरची तितक्याच संख्येने सळई बांधली, तर पोलाद ११ टक्के कमी पडते. उलट तीन सूत म्हणजे ९.५ मिलिमीटर, तिच्या जागी १० मिलिमीटरची आली तर १० टक्के जास्त. एकच बोली, पण एकीकडे तोटा आणि दुसरीकडे फायदा.

मीटरमधल्या सळईचे वजन काढायला साइटवर एक सूत्र वापरतात: व्यासाचा मिलिमीटरमधला वर्ग भागिले १६२, उत्तर दर मीटरला किलोग्रॅममध्ये. १२ मिलिमीटरला १४४ भागिले १६२, म्हणजे ०.८९ किलो. हे १६२ कुठून आले, हे नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना शोधायला सांगावे. वर्तुळाचे क्षेत्रफळ आणि पोलादाची घनता (दर घनमीटरला ७८५० किलो) एवढे पुरते.

ब्रासची गोष्ट आणखी गमतीची. वाळू किंवा खडी घेताना एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. पण फरशी किंवा गिलावा मोजताना एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट, ९.२९ चौरस मीटर. एकच शब्द एकदा घनफळ आणि एकदा क्षेत्रफळ! जाणकारांचा गोंधळ होत नाही, कारण कशाविषयी बोलणे चालले आहे ते दोघांना ठाऊक असते. नवख्याचा होतो.

खड्ड्यातला खुंट

मापाचा निरोप नीट पोचला नाही तर इमारत बिघडते, हे आपल्याला पटकन कळते. त्यातून एखाद्याची भाकरीही जाते, हे तितके लक्षात येत नाही. १९७२-७३ च्या दुष्काळात मराठवाड्यात पाझर तलाव, नाला बांध, रस्ते यांची कामे निघाली. राज्यभर अशा कामांवर एका वेळी सुमारे ५० लाख माणसे येत होती. पुढे १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. या कामांवर मजुरी बहुधा मापावर मिळे: जेवढी माती खणली तेवढे पैसे.

दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि एक फूट खोल खड्डा म्हणजे बरोबर एक ब्रास. लांबी-रुंदी डोळ्यांनी दिसते. पण माती उचलून नेल्यावर खोली कशावरून मोजायची, जमीन मुळात कुठवर होती? यासाठी खड्ड्याच्या मधोमध मूळ जमिनीचा एक खुंट न खणता ठेवतात. त्याच्या माथ्यावर गवतही तसेच असते. मोजणीदार आला की खुंटाच्या उंचीवरून खोली मोजतो आणि मोजमापाच्या पुस्तकात लिहितो. एक फुटाच्या जागी नऊ इंच लिहिले गेले, तर त्या कुटुंबाची चौथाई मजुरी बुडाली. पुस्तकात काय लिहिले ते मजुराला वाचता येत नसेल. खुंट मात्र त्यालाही दिसतो आणि मोजणाऱ्यालाही. तो दोघांच्या मधला साक्षीदार आहे. मोजणी होऊन आकडा मोठ्याने वाचला जाईपर्यंत खुंट पाडायचा नाही, एवढे ठाऊक असणारी बाई शिकलेली नसली तरी आपला निरोप जपत असते.

दोन अपघात

निरोप बिघडण्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. जगातली दोन प्रसिद्ध उदाहरणे ते स्पष्ट करतात.

पहिले कॅनडातल्या क्वेबेक पुलाचे. सेंट लॉरेन्स नदीवरचा हा पोलादी पूल बांधला जात असताना १९०७ च्या ऑगस्टमध्ये खालच्या काही दांड्यांना बाक आल्याचे जागेवरच्या इंजिनिअरांच्या मोजणीत दिसले. मुख्य सल्लागार थिओडोर कूपर न्यूयॉर्कला होते. जागेवरचा तरुण इंजिनिअर स्वतः त्यांच्याकडे गेला. कूपरांना धोका कळला आणि पुलावर आणखी भार टाकू नये अशी तार त्यांनी केली. पण तार केली ती पूल बनवणाऱ्या कंपनीच्या फिनिक्सव्हिलच्या कचेरीला, बांधकामाला नव्हे. काम थांबवण्याचा हुकूम तिथून क्वेबेकला वेळेवर गेला नाही. २९ ऑगस्टला काम सुटण्याच्या सुमारास पूल कोसळला. पुलावरच्या ८६ जणांपैकी ७५ जण मरण पावले. मूळ दोष गणिताचा होता. पुलाचा गाळा १६०० वरून १८०० फुटांचा केला, पण वाढलेल्या वजनाचा हिशेब नीट नव्याने केला गेला नाही. तरी ती माणसे वाचू शकली असती. जागेवर काम थांबवण्याचा अधिकार असलेला कुणी नव्हता आणि ज्याला अधिकार होता तो जागेवर नव्हता.

दुसरे अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी शहरातले. तिथल्या एका नव्या हॉटेलात दुसऱ्या आणि चौथ्या मजल्यावरचे पादचारी पूल एकाखाली एक, छतापासून लोखंडी दांड्यांनी टांगलेले होते. आराखड्यात एकच लांब दांडी दोन्ही पुलांतून जाणार होती. लोखंडी काम करणाऱ्यांना ते अवघड वाटले. त्यांनी एकीच्या जागी दोन दांड्या केल्या: एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरी वरच्या पुलापासून खालच्यापर्यंत. बदललेला नकाशा इंजिनिअरांच्या कचेरीतून शिक्का होऊन परत आला, पण नव्या जोडाचा हिशेब कुणी केला नाही.

काय बदलले ते विद्यार्थ्यांना दोरावर दाखवता येईल. दोन मुले एकाच दोराला वर-खाली लोंबकळत असतील, तर प्रत्येकाच्या हातावर फक्त स्वतःचे वजन असते. आता खालच्या मुलाने दोर सोडून वरच्याचे पाय धरले असे समजा. दोरावरचा भार तेवढाच राहतो, पण वरच्याच्या हातांवर दोघांचे वजन येते. नेमके हेच वरच्या पुलाच्या तुळईखालच्या नटबोल्टांवर आले. भार दुप्पट झाला. मूळ रचनाही नियमाइतकी भक्कम नव्हती, असे चौकशीत दिसले. १७ जुलै १९८१ रोजी दोन्ही पूल पडले आणि ११४ माणसे गेली. येथे निरोप पोचला होता, उत्तरही परत आले होते. पण ते उत्तर म्हणजे समजून दिलेला होकार नव्हता, नुसता शिक्का होता.

शेवटची बादली

असे मोठे अपघात क्वचित होतात. रोजचा, छोटा, न दिसणारा बिघाड मात्र काँक्रीटच्या मिक्सरपाशी होतो. १९१८ साली डफ अब्राम्स यांनी दाखवून दिले की काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर ठरते. सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्याला २५ लिटर पाणी म्हणजे प्रमाण ०.५. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी याहून कमीच पाणी लागते. उरलेले पाणी सुकून गेल्यावर मागे बारीक पोकळ्या राहतात. त्यात दहा लिटरची एक बादली जास्त पडली की प्रमाण ०.७ होते आणि ताकद सुमारे एक तृतीयांशाने उतरू शकते. वरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. उलट काँक्रीट छान पातळ होते, फावड्याने सहज ओढले जाते.

बादली टाकणाऱ्याला हे कुणी सांगितलेले असते का? बहुधा "पाणी बेताने टाक" एवढे सांगितलेले असते. बेताने म्हणजे किती, हे ज्याच्या कंबरेला फावडे ओढण्याचा त्रास होतो तो आपल्या परीने ठरवतो. त्यात दोष त्याचा नाही. सूचनेला माप नव्हते आणि कारणही नव्हते. बादलीवर आतून एक लाल रेघ ओढली आणि "याच्यावर पाणी गेले तर स्लॅबला पोकळ्या पडतात" हे एकदा सांगितले, तर दोन्ही गोष्टी मिळतात.

शिवाय सांगणाऱ्याचा शब्द ऐकू तरी जातो का? मोठ्याने ओरडणाऱ्याचा आवाज एक मीटरवर सुमारे ९० डेसिबल असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की तो ६ डेसिबलने उतरतो. २, ४, ८, १६, ३२ मीटर अशा पाच पायऱ्यांत ३० डेसिबल गेले, उरले ६०. मिक्सरजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या कानात यंत्राचा आवाज याहून कितीतरी जास्त असतो. त्यामुळे ३२ मीटरवरून ओरडलेली सूचना त्याच्यापर्यंत जातच नाही. क्रेनवाल्याशी हातांच्या खुणांनी बोलतात आणि सुरुंगाच्या वेळी शिट्टी व लाल निशाण वापरतात, ते याच कारणाने. पण साध्या सूचना मात्र आपण ओरडूनच देतो, आणि खालचा माणूस काय करतो? तो मान डोलावतो.

ही डोलावलेली मान बांधकामावरची सगळ्यांत धोक्याची गोष्ट आहे, असे आम्हांला वाटते. साहेबाला पुन्हा विचारायचे म्हणजे आपले अज्ञान दाखवायचे. मुकादमाला पुन्हा विचारले तर तो चिडेल. उद्या कामावर घेईल की नाही याची शाश्वती नाही. म्हणून "हो साहेब". भाषा वेगळी असेल तर हे "हो" आणखी लवकर येते. यावरचा उपाय साधा आहे. "समजलं का?" असे विचारू नये. "आता तू काय करणार आहेस ते मला सांग," असे म्हणावे. ऐकणाऱ्याने आपल्या शब्दांत, किंवा शब्द नसतील तर हाताने करून, निरोप परत दिला पाहिजे. विमानाचे वैमानिक नियंत्रण कक्षाचा प्रत्येक महत्त्वाचा आदेश उलट म्हणून दाखवतात, ते उगीच नाही. आणि परत विचारणाऱ्याला रागावायचे नाही, हा या उपायाचा अर्धा भाग आहे. तो पाळला नाही तर पहिला अर्धा निरुपयोगी ठरतो.

वर्गात करून पाहण्यासारखे

दोन विद्यार्थ्यांना पाठीला पाठ लावून बसवावे. दोघांकडे सारख्याच दहा काडेपेट्या द्याव्यात. पहिल्याने मनाने एक रचना करावी आणि ती फक्त तोंडी सांगावी. दुसऱ्याने न विचारता तशीच रचावी. दोन्ही रचना ताडून पाहाव्यात. मग नव्या रचनेने तोच खेळ पुन्हा खेळावा, पण आता दुसऱ्याने प्रत्येक सूचना उलट म्हणून दाखवायची आणि हवे ते प्रश्न विचारायचे. वेळ किती जास्त लागला आणि चुका किती कमी झाल्या, दोन्ही नोंदवावे. तिसऱ्यांदा बोलायला बंदी करून फक्त एक चित्र द्यावे. भोजपूरचा खडक कशासाठी होता, ते मुलांना आपोआप कळेल.

आपल्या वर्गांत बांधकामावरच्या मजुरांची मुलेही असतात. कामाबरोबर गाव बदलत ती आपल्याकडे आलेली असतात. सूत, ब्रास, ओळंबा, पाण्याची नळी या गोष्टी इतरांपेक्षा त्यांना चांगल्या ठाऊक असतात. हा पाठ घेताना त्यांच्याकडून माहिती घ्यावी आणि फळ्यावर त्यांच्या शब्दांत लिहावी.

आणि पाठ संपल्यावर, सवयीने, "समजलं का?" असे विचारण्याआधी आपण क्षणभर थांबावे. पन्नास मुले एका सुरात "हो" म्हणतात, तेव्हा त्यांतली किती मुले नुसती मान डोलावत असतात?